दार कोण उघडतं?

पुण्यात मी ज्या फ्लॅटमध्ये राहते, तिथल्या ओट्यावर गेल्या हिवाळ्यात एक मोठी काचेची बरणी होती. बरणीत नागपुरी संत्र्यांची सालं, दोन दालचिनीचे तुकडे, थोडी साखर आणि दुकानातून आणलेली व्होडका. झाकणावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर तारीख. माझी मैत्रीण रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ती बरणी हलवायची. आठ दिवसांत व्होडकाचा रंग उन्हात ठेवलेल्या तुपासारखा झाला, आणि एका शनिवारी तिने ती गाळून छोट्या बाटल्यांत भरली. फोटो काढले, लोकांना आवडले.

त्याच रात्री ती मला म्हणाली, "तुमच्याकडे मोहाची करतात ना? या वेळी गावाला गेलीस की एक बाटली आण. अगदी घरची. आपण त्यात काहीतरी मुरवून बघू."

मी हसून विषय टाळला. राग आला नव्हता. ती मला मागास म्हणत नव्हती, उलट कौतुकानेच विचारत होती. पण झोप काही लागली नाही. तिने सहज मागितलेल्या त्या बाटलीवरून आमच्या घरात दोन बायका कित्येक महिने एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एक माझी आजी. दुसरी माझी आई.

हा लेख त्या बाटलीबद्दल आहे. ती आणावी की आणू नये, एवढाच प्रश्न. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत सुटेल.

आधी दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ. बरणीत जे चालतं त्याला मुरवणं म्हणतात, लोणचं मुरवतो तसंच. संत्र्याच्या सालीत सुगंधी तेलं असतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणून साल बाजूला काढली तरी वास मागे राहतो. साखरेने कडवटपणा झाकला जातो. सालीच्या आतला पांढरा भाग जास्त गेला तर मात्र तो साखरेलाही ऐकत नाही. या सगळ्यात नवीन दारू तयार होत नाही. ती आधीच कुठल्यातरी कारखान्यात तयार झालेली असते, कर भरलेली असते, लेबल लावलेली असते. घरी फक्त तिला वास दिला जातो.

आमच्याकडे काम बरणीपासून सुरू होत नाही, झाडापासून होतं. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देवरी–सालेकसाच्या जंगलात, फाल्गुन–चैत्रात मोह फुलतो. फुलं रात्री उशिरा गळायला लागतात आणि पहाटेपर्यंत खाली सडा पडतो. फिकट पिवळी, रसाळ, बोटाच्या पेराएवढी. बायका आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर गुरं, हरणं आणि अस्वल वाट बघत नाहीत. अस्वलाला मोह फार आवडतो, आणि फुलं वेचताना अस्वलाने फाडलेली माणसं आमच्या भागात आहेत. मग फुलं अंगणात वाळवायची. वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. ती भाजून खातात, लाडू करतात, दुष्काळात पूर्वी तेच जेवण होतं. पुढे फळ येतं, त्याच्या बीचं तेल निघतं. आणि वाळलेल्या फुलांत साखर इतकी असते की पाण्यात भिजवून ठेवली की ती आपोआप आंबतात. त्याला आमच्याकडे सडवा म्हणतात. सडवा मडक्यात चढवून खाली जाळ लावायचा, वाफ थंड करायची, थेंब थेंब गोळा करायचा. मराठीत 'पहिल्या धारेची' हा शब्द आला तो इथूनच.

आम्ही गोंड. जन्म, लग्न, मरण, पेनाची पूजा, यांतलं काहीही त्या थेंबांशिवाय पूर्वी होत नसे. प्यायच्या आधी थोडी जमिनीवर शिंपडायची, गेलेल्यांसाठी. म्हणजे आजी जे करत होती ते तिच्या दृष्टीने गुन्हा नव्हता, छंदही नव्हता. ते स्वयंपाकाइतकंच घरचं काम होतं.

आता कायद्याचं बघू, कारण पहिलं सोपं उत्तर तिथेच मिळतं.

मुंबई सरकारने १८७८ मध्ये अबकारी कायदा करून दारू गाळण्यावर आपली पकड बसवली. लोक घरी गाळतच राहिले, म्हणून १८९२ मध्ये थेट मोहाच्या फुलांवरच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावर बंधनं आली. विचार करा, जंगलात जमिनीवर पडलेलं फूल घरात ठेवणं हाच संशय झाला. आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. पुढे राज्यं बदलली, जिल्हा भंडाऱ्यातून १९९९ मध्ये वेगळा झाला, पण विचार तोच राहिला. आज महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा चालतो. त्याच्या कलम ६५ खाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. फुलं साठवणं आणि त्यांची वाहतूक करणंही परवान्याच्या जाळ्यात होतं. ती बंधनं राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवली. आता फूल मोकळं आहे. त्याचा थेंब काढणं मात्र गुन्हाच आहे.

देवरीहून पूर्वेला महामार्गाने थोडं गेलं की छत्तीसगड लागतं. झाड तेच, जंगल तेच, नातेवाईक तेच. तिथे आदिवासी कुटुंबाला घरच्या वापरापुरती मोहाची दारू ठरावीक मर्यादेत करायची मुभा आहे. उत्तरेला मध्य प्रदेश आहे. त्या राज्याने तर मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाजारात आणलं, अलिराजपूर आणि दिंडोरीतल्या आदिवासी बचत गटांकडून. गोव्यात काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी आणि मोह यांत फरक एवढाच की एक बोंडूची आहे, दुसरी फुलाची. एकीला मानांकन आहे, दुसरीला खटला.

आणि पुणं? महाराष्ट्रात दारू प्यायलाही कायद्याने परवाना लागतो आणि बिअर–वाइन सोडून बाकी दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? माझ्या मैत्रिणीकडे परवाना नाही. कायद्यात 'तयार करणं' या शब्दाचा अर्थ इतका रुंद आहे की बरणीतलं मिसळणंही त्यात ओढता येईल. पण तिच्या ओट्यावर कधीही धाड पडणार नाही. तिच्या बाटलीवर चिठ्ठी आहे, आजीच्या बाटलीला बूच म्हणून कागदाचा बोळा होता. एकीला लोक 'क्राफ्ट' म्हणतात, दुसरीला 'गावठी'. 'गावठी' म्हणजे खरं तर गावची. हा शब्द शिवी कधी झाला, हे कोणी कोणाला विचारत नाही.

तर पहिलं उत्तर असं: हा ढोंगीपणा आहे. शहरातल्याने केलं तर रसिकता, आदिवासी बाईने केलं तर गुन्हा. बाटली अभिमानाने आणावी, टेबलावर ठेवावी आणि आजीची गोष्ट सांगावी.

कॉलेजात असताना मी हे उत्तर भाषणात दिलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या. आईला त्या भाषणाबद्दल मी कधी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, ते आता सांगते.

बाबा प्यायचे. आमच्या भागात हे वाक्य लोक पाऊस पडतो म्हणावं तसं म्हणतात. आजी त्यांना स्वतःच्या हातची देत नसे. मुलाला द्यायची नाही, हा तिचा नियम होता. म्हणून ते दुसऱ्या टोल्यावर जाऊन प्यायचे. आणि त्या टोल्यावरचे लोक आमच्या अंगणात येऊन बसायचे. मी लहानपणी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचे. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. चांगली माणसं होती. ती आपापल्या घरी गेल्यावर काय व्हायचं, ते मला माहीत नव्हतं. पण बाबा आमच्या घरी आल्यावर काय व्हायचं ते माहीत होतं. मी अकरावीत असताना ते गेले. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. डॉक्टरांनी लिव्हर म्हटलं.

त्याआधी दोन वर्षं गावात बायकांनी दारूबंदीचं मनावर घेतलं होतं. आई पुढे होती. बायका घरोघरी जाऊन सडव्याची मडकी उलटी करत होत्या. एका घरी त्यांना ऐकायला मिळालं, "आधी आपल्या सासूची फोड, मग आमच्याकडे ये." आई तिथून तशीच घरी आली आणि तिने आमच्या मागच्या अंगणातली दोन मडकी फोडली. आजी ओसरीवर बसून बघत होती. काही बोलली नाही. सडव्याचा आंबूस वास चार दिवस गेला नाही. त्या दोघी त्यानंतर उन्हाळाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. जेवण मात्र एकाच चुलीवरचं होतं.

आता माझं भाषण आईसमोर करून बघा. "आई, हा वसाहतवादी कायदा आहे. मोह आपली संस्कृती आहे." आई काय म्हणेल? ती म्हणणार, कायदा कोणी केला ते मला माहीत नाही, मार कोणी खाल्ला ते माहीत आहे.

इथे पहिल्या उत्तराची चूक दिसते. कायदा अन्याय्य असेल, पण त्यावरून ती गोष्ट चांगली ठरत नाही. ढोंगीपणा दाखवून दिला की समोरच्याचं तोंड बंद होतं, पण आपला प्रश्न सुटत नाही. शहरातला माणूस पितो, म्हणून गावातल्यालाही पिऊ द्या, ही समानता मरणाची आहे. शिवाय 'आदिवासींची संस्कृती' म्हणताना त्यात आईही येते, हे आपण विसरतो. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून देवीची एक लाट उठली आणि ठाणे–सुरतेच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. अंगात आलेली देवी सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी सोडली. डेव्हिड हार्डीमन यांनी १९८७ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या लोकांना कोणी बाहेरच्या सुधारकाने शिकवलं नव्हतं. दारूचा ठेका ज्यांच्या हातात होता, तेच सावकार आणि जमीनदार होते, आणि दारू सोडणं म्हणजे त्यांच्या हातून सुटणं होतं. पुढे बरेच जण पुन्हा प्यायला लागले, हेही खरं. पण करणं जशी आमची परंपरा, तशी सोडणंही आमचीच परंपरा आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली, तीही लोकांच्या चळवळीतून, आणि त्या चळवळीत बायका पुढे होत्या.

तर दुसरं उत्तर: आणू नये. दारू वाईट, विषय संपला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की आरोग्याच्या दृष्टीने दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही.

पण हेही उत्तर मला पुरत नाही. कारण त्यात आजी फक्त गुन्हेगार उरते आणि मैत्रीण फक्त मूर्ख. दोघीही तशा नाहीत. मैत्रीण आठवड्यातून एकदा दोन घोट घेते, कोणाला त्रास देत नाही, स्वतःच्या पैशाने घेते. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करावं हे बाकीच्यांनी ठरवू नये, असं जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये लिहिलं, आणि आपल्यापैकी बहुतेक जण त्याला न वाचताही तेच मानतो. पण मिल तिथे थांबला नव्हता. पिणाऱ्याला मोकळं सोडताना विकणाऱ्याबद्दल तो अडखळतो. लोकांनी जास्त प्यावं यातच विकणाऱ्याचा फायदा असतो, आणि हे खरोखरचं वाईट आहे, असं तो कबूल करतो. आणि पिऊन एकदा हिंसा केलेल्या माणसावर वेगळी बंधनं घालायला त्याची हरकत नव्हती.

हा मुद्दा मला आमच्या अंगणात दिसतो. लग्नात एक पेला घेणाऱ्यावर कोणाचा धंदा चालत नाही. धंदा चालतो रोज येणाऱ्यावर. म्हणजे ज्या माणसाला थांबवायला हवं, तोच सगळ्यात चांगला गिऱ्हाईक. पेनासाठी, पाहुण्यासाठी दारू काढणारी आजी आणि संध्याकाळी तांब्याने विकणारी आजी, मडकं एकच असलं तरी दोन वेगळ्या जागी उभी होती. पहिलीला माणूस थांबला तर काहीच तोटा नव्हता. दुसरीला होता. आणि तिला विकावी लागली, कारण धानाचं एक पीक निघाल्यावर पुढे हातात पैसा येईल असं घरात दुसरं काही नव्हतं.

गेल्या चैत्रात मी घरी गेले. फुलं वेचायचे दिवस होते. आजीला आता दूरचं दिसत नाही, पण फुलं हाताने चाचपून ती काडीकचरा वेगळा काढते. मी तिच्याजवळ बसले आणि विचारून टाकलं. म्हटलं, पुण्यातल्या मैत्रिणीला मोहाची एक बाटली हवी आहे, अजून कोणी करतं का?

"कायले पायजे तिले?"

"असंच. चव बघायला. तिकडे लोकांना आवडते."

आजी बराच वेळ फुलं चाचपत राहिली. मग म्हणाली, "पेऊन घरी गेली त दार कोन उघडते तिले?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. ती पुढे बोलली नाही. आई आत भाकरी थापत होती, तिचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

रात्री मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला. इतकी वर्षं आजी अंगणात बसलेल्या माणसांना बघत होती. आणि तिच्या घराचं दार बाबांसाठी आई उघडत होती. आजीने तो आवाज रोज रात्री ऐकला होता. प्रत्येक तांब्यामागे कुठेतरी एक दार आहे आणि दाराच्या आत कोणीतरी कडी काढायला उठतं, हे तिला माहीत होतं. माहीत असून ती विकत होती. मडकी फोडली तेव्हा ती गप्प राहिली, ती रागाने नव्हे, असं मला आता वाटतं. पण हा माझा अंदाज आहे. तिला विचारायची हिंमत मला झाली नाही.

मला वाटतं, दारूबद्दलचा नैतिक प्रश्न असाच विचारायला हवा. ही चांगली की वाईट, कायदेशीर की बेकायदेशीर, गावठी की विदेशी, याने फार पुढे जाता येत नाही. पिणारा घरी जातो तेव्हा दार कोण उघडतं, आणि त्या माणसाला 'नको' म्हणायची ताकद आहे का? करणारा, विकणारा, कर घेणारा, प्रत्येकाला हा प्रश्न लागू होतो.

लावून बघू.

माझ्या मैत्रिणीला लावला. पुण्याला परतल्यावर मी तिला आजीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "माझं दार मीच उघडते." हे पूर्ण उत्तर आहे, आणि मला ते मान्य आहे. तिच्या बरणीत मला पाप दिसत नाही. मात्र तेवढंच बोलून ती थांबली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मी त्या बाटल्या सात जणांना वाटल्या गं." त्या सातांपैकी दोघांबद्दल तिला आता नीट आठवेना, की त्यांच्या घरी कोण असतं.

सरकारला लावला. राज्य दरवर्षी दारूवरच्या करातून हजारो कोटी रुपये मिळवतं. आजी निदान माणसाचा चेहरा बघत होती; तिजोरीला चेहरा दिसत नाही. रोज पिणाऱ्यावर आजीचं जसं मीठ–तेल चालायचं, तसं तिजोरीचंही चालतं. मग त्याच तिजोरीतून व्यसनमुक्तीच्या जाहिराती येतात. आमच्या राज्यात गावातल्या बायका मतदान करून दुकान बंद पाडू शकतात, लोक त्याला 'आडवी बाटली' म्हणतात. चांगली तरतूद आहे. पण दुकान उघडताना कोणी त्यांना विचारायला आलं नव्हतं, बंद करायची मेहनत मात्र त्यांची. दार त्यांनीच उघडायचं आणि दुकानही त्यांनीच बंद करायचं.

कायद्यात एक जागा मला बरी वाटते. १९९६ च्या पेसा कायद्यात ग्रामसभेला दोन अधिकार अगदी लागोपाठ दिले आहेत: नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा, आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. म्हणजे फुलाची मालकी आणि थेंबावरचा निर्णय, दोन्ही त्याच लोकांकडे, जे दारं उघडतात. कागदावर का होईना, आजी आणि आई एकाच सभेत समोरासमोर बसतात. पण पेसा अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. गडचिरोलीचा बराच भाग त्यात येतो. आमचा गोंदिया जिल्हा त्या यादीत नाही.

आता स्वतःला लावते, कारण तिथेच सगळ्यात जास्त अडतं.

आई आजही मोह वेचते. वाळवते, पोत्यात भरते, व्यापाऱ्याला विकते. व्यापारी ती फुलं कुठे पाठवतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. थोडी औषधाला जातात, थोडी खायला, आणि बरीचशी कुठल्यातरी भट्टीत. माझ्या बारावीच्या शिकवणीचे पैसे त्याच पोत्यांतून आले. जिने मडकी फोडली तिच्याच हातून फुलं भट्टीकडे गेली, आणि त्यावर मी शिकून इथे हा लेख लिहिते आहे. मग आई ढोंगी आहे का?

मला तसं वाटत नाही, पण का वाटत नाही ते सांगणं सोपं नाही. फूल अन्न आहे, ते वेचण्यात दोष नाही, असं म्हणता येईल. फुलापासून दारापर्यंत मध्ये इतके हात आहेत की पहिल्या हाताला शेवटच्याचा जाब विचारता येत नाही, असंही म्हणता येईल. पण हीच पळवाट कारखानदार वापरतो. ऊस लावणारा, मळी विकणारा, बाटली भरणारा, दुकान चालवणारा, प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त माझं काम केलं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ते विष मोहातून आलं नव्हतं. ते मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं रसायन, चवीवरून न ओळखता येणारं. जितके हात जास्त, तितकं अंतर जास्त, आणि अंतर वाढलं की कोणालाच काही दिसत नाही. आजीचा सडवा बेकायदा होता, पण तो कोणी केला, कशापासून केला आणि कोण प्यायला हे अख्ख्या गावाला माहीत होतं. म्हणून तर तो फोडताही आला.

आई आणि कारखानदार यांच्यात मला एवढाच फरक दिसतो: आई त्या अंतरामागे लपली नाही. शेवटच्या दारापर्यंत ती गेली, कारण ते दार तिचंच होतं. आपल्या हातून जे जातं ते कुठे पोचतं हे बघायला जाणं, आणि तिथे काही वाईट दिसलं तर आपल्याच घरच्या मडक्यापासून सुरुवात करणं. यापेक्षा जास्त कोणाकडून मागता येईल असं मला वाटत नाही. यापेक्षा कमी मात्र मागू नये.

बाटली मी आणली नाही. मिळाली नसती असं नाही. गावात अजूनही होते, विचारलं असतं तर कोणीतरी दिली असती. पण त्या घरी कोण असतं हे मला माहीत आहे, आणि ती बाटली टेबलावर ठेवून आजीची गोष्ट रंगवून सांगताना मला आई गाळावी लागली असती.

आईने निघताना पिशवीत वाळलेली फुलं दिली, दोन किलो. म्हणाली, भाजून खा, थंडीत बरी. पुण्यात मी ती तव्यावर भाजली तेव्हा मैत्रीण वास घेत स्वयंपाकघरात आली. तिने एक चघळून बघितलं. म्हणाली, मनुकांसारखं लागतं, पण मागून काहीतरी वेगळंच येतं. मग तिने ओट्यावरच्या रिकाम्या बरणीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नको," मी म्हटलं.

"मी काही बोललेच नाही," ती म्हणाली. आणि उरलेली फुलं आम्ही त्या बरणीत भरून ठेवली. कोरडीच.